ओफीर आणि सोपारा: एका जुन्या दाव्याची तपासणी

बायबलच्या जुन्या करारात 'पहिले राजे' नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या नवव्या अध्यायात शलमोन राजाने वेठीची माणसं लावून काय काय बांधलं याची यादी येते. यरुशलेमचं मंदिर, स्वतःचा वाडा, शहराचा कोट, आणि त्यापाठोपाठ हासोर, मगिद्दो व गेजेर ही तीन नगरं. तिन्ही मूळची कनानी, शलमोनाच्या आधी कित्येक शतकं नांदत आलेली. अध्याय संपता संपता गोष्ट जमिनीवरून पाण्यावर उतरते. तांबड्या समुद्राकाठी, अदोमाच्या मुलखात एस्योन-गेबेर इथे शलमोन जहाजं बांधतो. सोरचा राजा हिराम त्याला समुद्राचे जाणकार खलाशी देतो. ते ओफीरला जातात आणि ४२० किक्कार सोनं घेऊन परततात.

सोर म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं टायर. ग्रीकांनी तिथल्या लोकांना फिनिशियन म्हटलं, पण ते स्वतःच्या भूमीला कनानच म्हणत. म्हणजे ओफीरची ही सफर मुळात एका कनानी बंदराच्या दर्यावर्दी विद्येवर उभी होती. शलमोनाकडे पैसा आणि सत्ता होती, वाऱ्याचं आणि पाण्याचं ज्ञान सोरच्या माणसांकडे होतं.

हे ओफीर कुठे होतं, हा प्रश्न दोन हजार वर्षं विचारला जातो आहे. त्याच्या उत्तरांपैकी एक आपल्या दाराशी आहे: वसई तालुक्यातला सोपारा, प्राचीन शूर्पारक, आजचं नालासोपारा. भिवंडी रोड स्टेशनवरून वसईची गाडी धरली की कामण, जूचंद्र करत वसई रोड येतं आणि पश्चिम रेल्वेवर त्याच्या पुढचं स्टेशन नालासोपारा. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या इतिहासावर कुठेही चार माणसं बोलू लागली, की 'आपला सोपारा म्हणजे बायबलमधलं ओफीर' हे वाक्य हमखास निघतं. शाळेच्या भाषणांत येतं, स्मरणिकांत येतं. या दाव्यात किती तथ्य आहे, तो कुठून आला, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे, हे एकदा नीट पाहायला हवं. सोपाऱ्याबद्दल ज्याला आस्था आहे त्याने तर आधी पाहायला हवं.

प्रथम मूळ मजकूर. ओफीर हे नाव बायबलमध्ये पहिल्यांदा येतं ते गावाचं नव्हे, माणसाचं म्हणून. 'उत्पत्ती'च्या दहाव्या अध्यायातल्या वंशावळीत यक्तानाच्या मुलांमध्ये शबा, ओफीर आणि हवीला ही नावं पाठोपाठ आहेत. 'राजे'च्या दहाव्या अध्यायात ओफीरहून अल्मुग नावाचं लाकूड आणि रत्नं आल्याची नोंद आहे. त्याच अध्यायात थोडं पुढे, तार्शीशी गलबतं तीन वर्षांतून एकदा सोनं, रुपं, हस्तिदंत, वानरं आणि मोर आणत असं म्हटलं आहे. ही दोन वचनं बहुतेक लेखक एकत्र करून टाकतात. मूळ मजकुरात तीन वर्षांच्या त्या सफरीला ओफीरचं नाव जोडलेलं नाही. 'इतिहास' ग्रंथात हीच ओफीरची गोष्ट पुन्हा येते, तेव्हा सोन्याचा आकडा ४५० किक्कार होतो. एक किक्कार साधारण ३४ किलोचं धरलं तर कमी आकड्यानेही सुमारे १४ टन सोनं होतं. पुढे यहोशाफाट राजाने ओफीरला जाण्यासाठी पुन्हा गलबतं बांधली, ती एस्योन-गेबेरलाच फुटली. ईयोब, यशया आणि स्तोत्रसंहितेत 'ओफीरचं सोनं' हा उत्तम सोन्यासाठी रूढ शब्दप्रयोग झालेला दिसतो. ओफीरची दिशा, अंतर, वाटेतली बंदरं यांबद्दल बायबल एक अक्षर सांगत नाही.

मग सोपारा यात आला कुठून?

तो आला ग्रीक भाषांतरातून. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ज्यू पंडितांनी हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले. या 'सप्ततिकार' भाषांतरात ओफीरच्या जागी बऱ्याच ठिकाणी सोफीर, सोफीरा अशी रूपं आहेत. कॉप्टिक भाषेत सोफीर हे भारताचंच नाव होतं. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस ओफीर भारतात असल्याचं लिहितो. चौथ्या-पाचव्या शतकांच्या सांध्यावर संत जेरोमने लॅटिन बायबल तयार केलं, तेव्हा ईयोबाच्या पुस्तकात ओफीर हे नाव काढून सरळ 'इंडिया' लिहिलं. अठराव्या शतकाच्या आरंभी एड्रियन रेलांट या डच पंडिताने टॉलेमीच्या भूगोलातलं 'सूपारा' आणि ग्रीक बायबलमधलं 'सोफीर' शेजारी ठेवलं. पुढे १८८२ साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, त्यात सोपाऱ्याच्या नोंदीत ही चर्चा शिरली. आपल्याकडच्या बहुतेक लेखांचा झरा हे गॅझेटियर आहे, पण त्यातली शक्यतेची भाषा गळून खाली नुसतं विधान उरलं.

ओफीरवर हक्क सांगणारी इतर ठिकाणंही बरीच आहेत. जर्मन पंडित ख्रिस्तियान लासेन यांनी सिंधूच्या मुखाजवळचे आभीर सुचवले. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतलं सोफाला धरलं. स्पॅनिश दर्यावर्दी मेंदान्या १५६८ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोचला आणि त्या बेटांना शलमोनाचं नाव चिकटलं, ते आजही आहे. आफ्रिकेतल्या प्रकरणाने मात्र खरी हानी केली. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी अवशेषांपाशी पोचला आणि ते शबाच्या राणीशी जोडून मोकळा झाला. पुढची अनेक दशकं गोऱ्या वसाहतवाल्यांनी, हे काम आफ्रिकी माणसांचं असूच शकत नाही, असं सांगण्यासाठी ओफीरचा आधार घेतला. ते बांधणाऱ्या शोना लोकांच्या पूर्वजांचं श्रेय त्यांना मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. एखाद्या गावाला बायबलमधलं नाव देणं हा निरुपद्रवी मोठेपणा नसतो, हे यातून आपणही ओळखावं.

सोपाऱ्याच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा पहिला मुद्दा मालाचा. मोर भारताचा पक्षी. वानरासाठीचा हिब्रू शब्द संस्कृत 'कपि'शी आणि मोरासाठीचा तमिळ 'तोकै'शी जुळतो, असं एकोणिसाव्या शतकातल्या भाषापंडितांनी दाखवलं. पण वानराचा तसाच शब्द प्राचीन इजिप्तच्या भाषेतही आहे, आणि मोराच्या शब्दाचा अर्थच वादात आहे; काही अभ्यासक तिथेही माकडच वाचतात. अल्मुग म्हणजे चंदन असं आपण सहज म्हणून टाकतो, पण 'इतिहास' ग्रंथात शलमोन हेच लाकूड लबानोनमधून मागवतो, आणि सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित नगराच्या मृत्तिकालेखांतही ते नाव आहे. हस्तिदंत, वानरं आणि सोनं तर आफ्रिकेतून मिळतच होतं. इजिप्तची राणी हत्शेप्सुत हिच्या मंदिराच्या भिंतीवर पुंत देशाहून आलेला असाच माल कोरलेला आहे, तोही शलमोनाच्या पाचशे वर्षं आधीचा.

दुसरा मुद्दा सोन्याचा, आणि माझ्या मते इथे सोपाऱ्याची बाजू सर्वांत लंगडी पडते. कोकणची भूमी काळ्या बेसाल्टची. तिच्यात सोनं नाही. दख्खनचं सोनं हट्टी आणि कोलारकडचं, घाटापलीकडे पार दूरचं. ते बंदरावर आणून विकलं जात होतं, असा तर्क करता येईल. पण ज्या काळाचा लेखी पुरावा आपल्यापाशी आहे त्या काळात सोन्याचा ओघ उलटा आहे. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात तक्रार करतो, की भारत दरवर्षी साम्राज्यातले पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. आपल्या किनाऱ्याकडे सोनं येत होतं आणि इथून कापड, मिरी, रत्नं जात होती. त्याच्या हजार वर्षं आधी हाच ओघ नेमका उलट होता असं म्हणायचं असेल, तर त्यासाठी वेगळा पुरावा लागेल.

तिसरा मुद्दा काळाचा. शलमोनाचं राज्य इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातलं मानतात. सोपाऱ्यात हाती आलेला सर्वांत जुना भक्कम पुरावा अशोकाच्या शिलालेखांचा, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाचा. मध्ये सातशे वर्षांची दरी आहे. दुसऱ्या टोकालाही सगळं पक्कं नाही. मगिद्दो, हासोर आणि गेजेर इथल्या भव्य वेशी शलमोनाच्याच, असं इस्रायली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी ठामपणे मांडलं होतं. इस्रायल फिंकेलस्टाइन यांनी मगिद्दोच्या नव्या उत्खननाच्या आधारे ते बांधकाम नवव्या शतकात ओढलं. नेल्सन ग्लुएक यांनी १९३८ पासून खणलेलं तेल एल-खलैफे हेच एस्योन-गेबेर असं बरीच वर्षं समजत. तिथली खापरं पुन्हा तपासली तेव्हा ती शलमोनाच्या नंतरची निघाली. शिवाय बायबलमधले हे ग्रंथ अंतिम रूपात बांधले गेले तेच घटनेनंतर कित्येक पिढ्यांनी.

तरीही ओफीर निव्वळ कल्पना म्हणून सोडता येत नाही. १९४६ मध्ये तेल अवीवजवळच्या तेल कसीले इथे एक खापराचा तुकडा सापडला. त्यावर इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या हिब्रू लिपीत बेथ-होरोनसाठी ओफीरच्या सोन्याची, तीस शेकेलांची, नोंद आहे. हा कोणा कवीचा अलंकार नाही, व्यापारातली रोकडी नोंद आहे. ओफीरचं सोनं लोकांच्या हातात होतं. वंशावळीत ते शबा आणि हवीला यांच्या मधोमध येतं, म्हणून आज बहुसंख्य अभ्यासकांचा कल दक्षिण अरबस्तान किंवा त्याच्या समोरचा आफ्रिकेचा किनारा, म्हणजे तांबड्या समुद्राचं दक्षिण तोंड, यांकडे आहे. मलाही तेच सर्वांत पटतं.

पण ग्रीक भाषांतरातला तो 'स' उरतोच, आणि त्याचा उलगडा, मला वाटतं, शलमोनाच्या काळात शोधूच नये. परंपरा सांगते, की हे भाषांतर इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याच्या आश्रयाने सुरू झालं. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या परदेशी राजांची नावं आहेत त्यांत 'तुरमय' आहे, तो हाच टॉलेमी. त्याच चौदा लेखांच्या मालेची एक प्रत सोपाऱ्यात कोरली होती. तिच्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे आपल्याला मिळाले आहेत. श्रीलंकेचा पाली ग्रंथ महावंस म्हणतो, की अपरान्तात, म्हणजे कोकणात, धर्म सांगायला जो भिक्षू पाठवला तो योन, म्हणजे ग्रीक वंशाचा, धम्मरक्खित होता. ज्या पिढ्यांमध्ये अलेक्झांड्रियातले पंडित ओफीर हे हरवलेलं नाव ग्रीकमध्ये लिहीत होते, त्याच पिढ्यांमध्ये सोपारा हे नांदतं, ग्रीक जगाला जोडलेलं बंदर होतं. एका अनोळखी नावाला त्यांनी कानावर असलेल्या बंदराचं रूप दिलं असेल. हा माझा तर्क आहे, सिद्धांत नाही. पण तो खरा असेल तर 'सोफीर' हा शलमोनाची गलबतं इथे आल्याचा पुरावा राहत नाही, तो अशोकाच्या काळातल्या सोपाऱ्याच्या कीर्तीचा पुरावा ठरतो. मला ते अधिक मोलाचं वाटतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र प्रश्नाला नवं वळण मिळालं आहे, आणि ते पुन्हा मगिद्दो या कनानी नगरापाशीच येतं. २०२० च्या डिसेंबरात फिलिप स्टॉकहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मगिद्दो व तेल एरानी इथल्या प्राचीन सांगाड्यांच्या दातांवरचं कीटण तपासून निष्कर्ष छापले. शलमोनापूर्वी सहा-सातशे वर्षं मगिद्दोत राहणाऱ्या माणसांच्या दातांत तीळ, सोयाबीन आणि हळद यांचे अंश सापडले. तेल एरानीत, इसवी सनापूर्वी अकराव्या शतकाच्या सुमाराचे, केळ्याचे. त्याआधी २०१३ मध्ये इस्रायलमधल्या फिनिशियन घडणीच्या लहान कुप्यांत दालचिनीतल्या मुख्य द्रव्याचे अवशेष आढळल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्या कुप्या शलमोनाच्या आसपासच्या काळातल्या. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे होते, हे तर पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि मिरीची वेल त्या काळी मलबारखेरीज दुसरीकडे पिकत असल्याचं कोणी दाखवलेलं नाही.

हळद खाणारा कनानी माणूस! आपल्या स्वयंपाकघरातली वस्तू साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्या नगरात पोचली होती, याने कोणाही मराठी माणसाला आनंद व्हावा. पण या शोधाने सिद्ध काय होतं ते नेमकं धरून ठेवलं पाहिजे. दक्षिण आशिया आणि कनान यांच्यात मालाची देवघेव होती, हे होतं. ती एका जहाजाने, एका दमात होत होती, हे होत नाही. वस्तू हातोहात, बंदरोबंदर जातात. आणि त्या वाटेत कोकणचं बंदर होतं, तर कोणतं, हे त्या दातांना सांगता येत नाही.

इथवर आलेला वाचक थोडा हिरमुसला असेल. त्याला माझं सांगणं आहे, की सोपाऱ्याला धर्मग्रंथांत स्थान मिळण्यासाठी शलमोनाची गरज कधीच नव्हती. भारतात जन्मलेल्या तिन्ही मोठ्या परंपरांच्या ग्रंथांत हे बंदर आहे, तेही संशयाला जागा नसलेल्या नावाने. असा मान आपल्या किनाऱ्यावर किती गावांना आहे?

पाली 'उदान'मध्ये बाहिय दारुचीरियाची कथा आहे. तो सुप्पारकला समुद्राकाठी राहतो, वल्कलं नेसतो, लोक त्याला अर्हत् मानून पूजतात. आपण खरोखर तसे आहोत का या शंकेने तो उठतो आणि थेट श्रावस्तीला बुद्धांकडे जातो. बुद्ध भिक्षेच्या वाटेवर असतात. तिथेच, उभ्या उभ्या, त्याला मोजक्या शब्दांत उपदेश मिळतो. थोड्याच वेळात एक गाय त्याला मारते, पण तोवर तो मुक्त झालेला असतो. पूर्णाची कथा याहून मोठी. 'दिव्यावदाना'त तो शूर्पारकचा व्यापारी आहे, दासीच्या पोटी जन्मलेला, सावत्र भावांनी वाटणीत डावललेला. एका लाकूडफाटा विकणाऱ्याच्या मोळीत त्याला गोशीर्ष चंदन दिसतं आणि त्याचं नशीब फिरतं. पुढे सागरी सफरीतून आणलेल्या चंदनाचा विहार बांधून तो बुद्धांना शूर्पारकला बोलावतो. पाली परंपरेत हाच पुण्ण सूनापरान्ताच्या तापट लोकांत जायला निघतो. ते शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील तर काय, असं बुद्ध त्याला एकेक पायरी चढत विचारतात, आणि प्रत्येक पायरीवर तो त्या लोकांचा चांगुलपणाच शोधून दाखवतो. कोकणी माणसाच्या स्वभावाची ही सर्वांत जुनी साक्ष फारशी गौरवाची नाही, पण त्याला उत्तर देणारा पुण्ण हाही इथलाच. सिंहलद्वीप वसवणारा विजय लंकेपूर्वी सुप्पारकला उतरला होता, असं महावंस सांगतो.

महाभारतात सहदेव दिग्विजयात शूर्पारक जिंकतो, वनपर्वात पांडव तीर्थयात्रेत इथे येतात, आणि शांतिपर्वात समुद्र मागे हटून परशुरामाला शूर्पारकाची भूमी देतो. ही परशुरामकथा आपल्या भिवंडी तालुक्यापर्यंत पसरली आहे: वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं आणि तिथली राखेसारखी माती परशुरामाच्या यज्ञाची, अशी श्रद्धा आहे. सोपाऱ्याजवळचं निर्मळ हे तीर्थही याच कथेत ओवलेलं. जैन परंपरेत चौदाव्या शतकातले जिनप्रभसूरी सोपाऱ्याची गणना चौऱ्याऐंशी तीर्थांत करतात. ग्रंथांना कोरीव लेखांची जोड आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात सांगतो, की त्याने शोर्पारगात धर्मशाळा बांधली आणि तिथल्या रामतीर्थाच्या चरकांनाही, म्हणजे फिरत्या साधूंनाही, नारळीच्या ३२ हजार रोपांच्या दानात वाटेकरी केलं. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक स्तंभ सोपाऱ्याच्या भिक्षूचं दान आहे.

ख्रिस्ती परंपरेतही सोपारा आहेच, पण ओफीर म्हणून नव्हे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंची हत्या झाली. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांचे देह 'सुपेरा'ला नेऊन पुरले, आणि त्याच्या पत्रांतून हे नाव युरोपात गेलं. पोर्तुगीज यायला तेव्हा जवळपास पावणेदोनशे वर्षं बाकी होती. योगायोग असा, की 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही याच परिसरातल्या नंदाखालचे.

कोकणच्या बेने इस्रायल समाजाचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण ओफीरच्या चर्चेत त्यांनाही ओढलं जातं. त्यांचे पूर्वज शलमोनाच्या जहाजांतून आले असं काही लेखक म्हणतात. समाजाचे स्वतःचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मात्र हा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराला आणला. नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांची आठवण. शनिवार पाळणाऱ्या या तेल गाळणाऱ्या समाजाने आपली परंपरा कोणत्याही राजाच्या सोन्याविना जपली.

आता सोपाऱ्याच्या जमिनीबद्दल. तिच्यात काय आहे हे पहिल्यांदा दाखवलं ते पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढचा हा माणूस, भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेला. इंग्रजी शिक्षण बेताचं, पण ब्राह्मी लेख वाचण्यात त्या काळी त्याच्या तोडीचे फार थोडे. एप्रिल १८८२ मध्ये कॅम्पबेल यांच्या प्रोत्साहनाने भगवानलालनी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली. आत विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या पोटातल्या कप्प्यात एक मोठी गोल दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याभोवती आठ धातुमूर्ती: सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. करंड्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा, आणि त्यात मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. नाणं दुसऱ्या शतकाचं, मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतल्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्तूप श्रद्धेने उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा बंद केला होता. याच सुमारास भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा भुईगावला मिळाला, तो १९५६ मध्ये. भगवानलालनी इतकं मोठं धन पाहूनही लिहिताना तोल सोडला नाही, माप आणि वर्णन यांवरच भर ठेवला. सोपाऱ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो गुण घ्यावा.

भिवंडीचा या कथेशी संबंध केवळ रेल्वेचा नाही. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक सागरी मार्गदर्शक ग्रंथ भडोचच्या खालची बंदरं सांगताना आधी सुप्पारा आणि मग कल्लिएना, म्हणजे कल्याण, अशी नावं घेतो. थोरल्या सातकर्णीच्या काळी कल्याण उघडं बंदर होतं, पुढे तिथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो नोंदवतो. कल्याणचा माल उल्हास नदीने, कशेळी-काल्हेर ओलांडत, वसईच्या खाडीत यायचा आणि आपली कामवारी नदी त्याच पाण्याला मिळते. लोनाडची बौद्ध लेणी याच बंदरांच्या पाठच्या भागात आहेत. १०९४ च्या सुमारास शिलाहार राजा अनंतदेवाने दोन व्यापाऱ्यांना जकात माफ केली, त्या ताम्रपटातल्या बंदरांत ठाणे, नागाव आणि चौलबरोबर शूर्पारक आहे. नंतर गाळ साचत गेला, खाडी आखडली आणि सोपारा आत पडला. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेऊन आरमाराचा पाया घातला, तेव्हा याच खाडीचं पाणी कामी आलं, पण सोपाऱ्याचे दिवस सरले होते.

सोपाऱ्यात झालेली खोदकामं मुख्यतः स्तूप आणि त्याच्या आवारापुरती. जुन्या बंदराचा धक्का, गोदामं, वस्ती, खाडीचा बुजलेला प्रवाह यांचा तळापर्यंत शोध घेतल्याखेरीज मौर्यपूर्व सोपारा होता की नव्हता, याचं उत्तर मिळणार नाही. दातांच्या कीटणातून हळद शोधणारं शास्त्र आज उपलब्ध आहे. खाडीच्या गाळात नळी उतरवून पराग, खापरं आणि धातूचे कण काढता येतात, त्यांचा काळ मोजता येतो. त्यासाठी मोकळी जमीन हवी, आणि नालासोपाऱ्यात ती दर वर्षी कमी होते आहे. इमारतीचा पाया खणताना निघालेलं खापर कचऱ्याच्या गाडीत गेलं तर कोणताही ग्रंथ ते परत आणून देणार नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. ओफीर म्हणजे सोपारा, हे आजच्या पुराव्यावर सिद्ध होत नाही. शक्यता तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाकडे झुकते. हे वाक्य आपण शाळांच्या भिंतींवरून आणि स्मरणिकांतून दुरुस्त करावं. त्याऐवजी पूर्ण, बाहिय, उषवदात आणि भगवानलाल ही नावं लिहावीत. भिवंडी, वसई, कल्याणच्या शिक्षकांना विनंती आहे, की मुलांना एकदा स्तूपावर न्या, चक्रेश्वर तळ्याकाठची जुनी शिल्पं दाखवा, आणि मग मुंबईला नेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला अशोकाचा शिलालेख दाखवा. आणि वसई-विरार महापालिकेने, सोपारा गावठाण आणि जुन्या खाडीच्या काठी कोणताही पाया खणण्याआधी पुरातत्त्व विभागाची पाहणी सक्तीची करावी.